जीव मुठीत

शर्यतीला अकरा आठवडे उरले होते आणि मला गाडीवर धड बसता येत नव्हतं. बसता म्हणजे अगदी शब्दशः. एन्ड्युरोच्या, म्हणजे रस्ता सोडून दगडामातीतून चालवायच्या मोटरसायकलची सीट जमिनीपासून साधारण ९५० मिलिमीटरवर असते आणि माझी उंची पाच फूट दोन इंच. मधोमध बसले की दोन्ही पाय हवेत. मग एका बाजूला सरकायचं, अर्ध्या बुडावर तोल सांभाळत डाव्या पायाचा चवडा टेकवायचा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवून, गाडी त्या बाजूला कलू नये अशी प्रार्थना करायची. पहिल्या दिवशी नवरा शांतपणे बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "स्टूल आणू?"

नाव मात्र मी नोंदवून बसले होते. नवोदितांचा वर्ग, झाडीतून आणि माळावरून जाणारा सुमारे सात किलोमीटरचा फेरा, वेळ ६० मिनिटं. या प्रकाराला हेअर स्क्रॅम्बल म्हणतात. मोटोक्रॉसमध्ये उड्यांसाठी बांधलेला आखूड ट्रॅक असतो, तसा इथे नसतो. दगड, मुळं, चढ, ओढा, जे जमिनीवर आहे तेच. स्क्रॅम्बल हा शब्द जुना आहे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे १९२४ मध्ये झालेली शर्यत ही ज्ञात असलेली पहिली स्क्रॅम्बल मानतात. मराठीत त्याला 'धडपड' इतका चपखल शब्द दुसरा नसेल, कारण त्यात 'पड' आधीपासूनच आहे.

बारा वर्षं मी रस्त्यावर मोटरसायकल चालवत होते. तो अनुभव कामी येईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. रस्त्यावर आपण बसतो, इथे उभं राहायचं. रस्त्यावर वळणात गाडीबरोबर अंग झुकवतो, इथे मातीच्या सपाट वळणात गाडी आपल्याखाली झुकवायची आणि आपण सरळ राहायचं, बाहेरच्या फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, सगळा भार देऊन. रस्त्यावर पुढचं चाक इकडेतिकडे हललं तर काळजात धस्स होतं. इथे ते सारखंच हलतं आणि त्याला हलू द्यायचं असतं. हे शेवटचं वाक्य मी आता सहज लिहिलं. ते हातापर्यंत पोचायला सात आठवडे लागले.

सरावाच्या जागी एक वयस्क स्वार येत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिकवायचा त्यांचा धंदा नव्हता, पण कुणी चुकीचं चालवताना दिसलं की त्यांना राहवत नसे. मी दर वेळी चुकीचंच चालवत असल्यामुळे ते माझ्याच वाट्याला जास्त आले.

दुसऱ्या आठवड्यातली एक सकाळ. मी दगडांच्या पट्ट्यातून तिसरा फेरा मारत होते आणि अकरा मिनिटं झाली असतील नसतील, तोच माझे हात माझे राहिले नाहीत. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लाकडासारखा टणक झाला. क्लच ओढायला बोटं वळेनात आणि वळलेली उघडेनात. कशीबशी थांबले, डाव्या बाजूला पाय टेकायला जमीनच सापडली नाही, आणि गाडीसकट आडवी झाले. मास्तरांनी गाडी उचलली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मी तिचं झाकण उघडू शकले नाही. दोन्ही हातांनी नाही, दातांनीही नाही.

"बघू," म्हणाले आणि माझा हात बोटाने दाबून बघितला, टायरची हवा बघतात तसा. "किती जोरात धरतेस गं? जीव मुठीत घेऊन बसलीयस."

याला आर्म पंप म्हणतात. कोपराखालच्या हाताचे स्नायू एका ताठ आवरणात गुंडाळलेले असतात. मूठ सतत आवळलेली राहिली की त्यांच्यात रक्त येत राहतं, स्नायू फुगतात, आवरण फारसं ताणलं जात नाही, आतला दाब वाढतो आणि रक्ताला परतायची वाट अरुंद होते. पुढे बोटं संपावर जातात. हे नवशिक्यांचंच दुखणं आहे असंही नाही. मोटोजीपी या मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेतल्या डॅनी पेड्रोसासारख्या कसलेल्या स्वाराला २०१५ मध्ये यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. माझ्या बाबतीत मात्र कारण साधं होतं. मी घाबरलेली होते, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो.

"गाडी गुडघ्यांनी धर," मास्तर म्हणाले. "हात फक्त सांगायला. धरायला नाही."

म्हणजे असं: फुटपेगवर बूट मध्यावर नाही, चवड्यावर टेकवायचा. गुडघ्यांनी टाकी आणि सीटची कडा चिमटीत पकडायची. कंबरेतून पुढे वाकायचं, कोपरं बाहेर, हनुवटी हँडलच्या वर. लीव्हरवर एकच बोट. आणि थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची उजवी मूठ, सरळ पकडायचा नाही, दाराची गोल मूठ फिरवतो तसा तिरका धरायचा, म्हणजे तो उघडताना मनगट खाली पडत नाही. ही शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण मनगट खाली पडलं की खड्ड्यात अंग मागे फेकलं जातं, हात ताणले जातात, थ्रॉटल आणखी उघडतो आणि गाडी आपल्याला सोडून पुढे निघून जाते. ते मी दोनदा अनुभवलंय. दुसऱ्यांदा गाडी झुडपात जाऊन थांबली आणि मी बसलेल्या अवस्थेत जमिनीवर होते, हात अजून हँडल धरल्यासारखे पुढे.

पुढचे तीन आठवडे मी वेगाच्या नावाने काही केलं नाही. उभं राहून, चालण्याच्या गतीने, इंग्रजी आठच्या आकड्यात गोल गोल. मग तेच डावा हात पाठीमागे घेऊन. मग दगडांच्या पट्ट्यातून, दर वीस फुटांवर मोठ्याने "बोटं" असं ओरडून बोटं हलवायची. आजूबाजूची पोरं उड्या मारत होती आणि मी "बोटं, बोटं" करत त्यांच्या शेजारून बैलगाडीच्या गतीने चालले होते. लाज वाटायची. पण एका सकाळी दगडांवरून पुढचं चाक डावीकडे सटकलं, परत आलं, उजवीकडे गेलं, परत आलं, आणि हे सगळं चालू असताना माझे खांदे जागच्या जागी होते. मी काहीच केलं नव्हतं. गाडीने स्वतःच केलं होतं. इतके दिवस मी तिला ते करू देत नव्हते.

पडण्याचंही शिक्षण झालं. १०८ किलोची गाडी पाठीने उचलायची नाही. हँडल पूर्ण वळवायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळत नाही, उकिडवं बसून मांड्यांच्या जोरावर उठायचं. त्याआधी तीन श्वास घ्यायचे. पडल्या पडल्या झटकन उचलायला गेलं की दुसऱ्या वेळी उचलायला ताकद उरत नाही. आणि माझ्यासारख्या बुटक्या माणसासाठी खास नियम: थांबायचं तर जिथे डावीकडे जमीन उंच आहे तिथेच. दगड, ढेकूळ, मूळ, काहीही चालेल. हळूहळू मला वाटेत फक्त डावीकडचे उंचवटे दिसायला लागले.

गाडीच्या तयारीत माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो टायरने. रस्त्यावर मी २८ पीएसआय हवा भरायचे. इथे १३. हवा कमी की टायर दगडाला लपेटतो, पकड मिळते. पण फार कमी झाली तर धारदार दगडावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेपते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबऐवजी आत भरीव फोमचं कडं घालता येतं, त्याला मूस म्हणतात, ते पंक्चरच होत नाही. पण ते बसवणं ट्यूबहून जिकिरीचं, आणि मला ट्यूबच जमत नव्हती.

"स्वतः बदलता आलंच पाहिजे," मास्तरांनी बजावलं होतं. म्हणून एका रविवारी दुपारी मागचं चाक काढून बसले. हवा सोडली, व्हॉल्व्हची पिन काढली, रिमलॉकचा नट सैल केला. टायर रिमवर घसरून व्हॉल्व्ह तुटू नये म्हणून असलेला तो चिमटा. बुटाच्या टाचेने टायरची कड रिमपासून सुटी केली. टॉमी, म्हणजे टायर उचकटायचा चपटा दांडा, लावून कड बाहेर, जुनी ट्यूब बाहेर, नवीन आत. इथवर छान. शेवटची वीतभर कड आत जाईना. मी टॉमीवर जोर दिला, कड टक्कन बसली, हवा भरली आणि हवा निघून गेली. टॉमीने नवीन ट्यूब चिमटली होती. पुन्हा सगळं. पुन्हा चिमटली. तिसऱ्या वेळी मी जोर द्यायच्या आधी थांबले आणि समोरच्या बाजूला बघितलं. रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. समोरची कड त्या खळग्यात असेल तरच या बाजूला ढील मिळते. माझी समोरची कड केव्हाच वर चढून बसली होती. तिच्यावर गुडघा टेकला, ती खाली गेली आणि ही बाजू दोन टॉमींनी, छोट्या छोट्या घासांत, अलगद आत आली. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. ट्यूबमध्ये आकार येईपुरती थोडी हवा आधीच भरलेली असली तर तीही कमी चिमटते, हे नंतर कळलं. शर्यतीच्या आठवड्यापर्यंत मी २२ मिनिटांवर आले होते. जाणकार हसतील, पण पहिल्यांदा अख्खी दुपार गेली होती.

दुसरा धडा एअर फिल्टरचा. फोमचा फिल्टर धुवायचा, पूर्ण वाळवायचा, मग खास तेलात भिजवून पिळायचा, कारण धूळ अडवतं ते तेल. मी हे सगळं करत होते. एकदा मास्तरांनी फिल्टर काढायला लावला आणि पांढऱ्या फडक्याने त्याच्या मागची नळी आतून पुसली. फडक्यावर बारीक तपकिरी रेघ. "ही तुझ्या इंजिनात गेली." फिल्टर स्वच्छ होता, पण त्याची कड नीट टेकली नव्हती. तेव्हापासून कडेला ग्रीसचा पातळ थर आणि दर धुळीच्या दिवसानंतर नवा फिल्टर. या बाबतीत मी आता थोडी वेडीच झाले आहे.

सस्पेन्शनने माझ्यावर एक उपकार केला. शॉक-अप दबला की मागचं चाक सुमारे ३०० मिलिमीटर वर जाऊ शकतं आणि बूट-हेल्मेट घालून स्वार गाडीवर बसला की त्यातला साधारण तिसरा हिस्सा, १०० ते १०५ मिलिमीटर, खाली जायला हवा. मी बसले की जेमतेम ८४. गाडीची स्प्रिंग माझ्याहून पुष्कळ वजनदार माणसासाठी होती, मी ५४ किलो. दगडांवर गाडी मला का उडवत होती ते तेव्हा कळलं. मऊ स्प्रिंग बसवली, माप १०२ वर आलं आणि वर सीटही बोटभर खाली आली. एका बोटाने केवढा फरक पडतो हे उंच माणसांना कधी कळायचं नाही.

व्यायामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जिने चढले, धावले, पोटाचे व्यायाम केले, कंटाळले. बुटांचं मात्र सांगायला हवं. ऑफ-रोडचे बूट इतके ताठ असतात की पायाला गिअरचा दांडा लागलाय की नाही हे कळतच नाही. म्हणून आठवडाभर घरात तेच घालून वावरले. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की काही सामान हलवताय का.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीची तपासणी होती. तिथे मी पहिल्याच फटक्यात नापास. ब्रेक ठीक, थ्रॉटल सोडल्यावर टपकन मागे येतो, हँडलची टोकं बंद, इंजिन बंद करायचा किल स्विच चालतो, हेल्मेटवरचा शिक्का ठीक. पण तपासनिसाने क्लच लीव्हरच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. लीव्हरच्या टोकाला गोळा हवा, कमीत कमी १६ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे पडताना ते कुणाच्या अंगात घुसत नाही. माझा गोळा कुठल्याशा पडण्यात उडाला होता आणि तिथे धार आली होती. इतके आठवडे तो लीव्हर दिवसातून हजारदा ओढला आणि मला दिसलं नव्हतं. सुटा लीव्हर जवळ होता म्हणून वाचले. बदलताना मास्तर मागून म्हणाले, "क्लॅम्प फार आवळू नकोस. पडली तर फिरला पाहिजे, तुटता कामा नये." इथेही तेच.

संध्याकाळी वाटेचा पहिला दीड किलोमीटर पायी चालून आलो. चालायला परवानगी होती आणि तरी निम्मे लोक चालले नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. पहिल्या चढावर सगळे ज्या बाजूने जाणार ती बाजू दुसऱ्या फेरीपर्यंत उकरली जाणार हे उघड दिसत होतं. डावीकडे झाडाच्या बुंध्यालगत अरुंद वाट होती. ती मी डोक्यात ठेवली.

सकाळी स्वारांना झेंडे समजावले. पिवळा हलला की पुढे धोका, ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून वेगवान स्वार येतोय. लाल म्हणजे थांबा. सुरुवात इंजिन बंद ठेवून होणार होती: झेंडा पडला की बटण दाबायचं. रांगेत कुठे उभं राहायचं ते आपल्यावर होतं. लोक पहिल्या वळणाची सरळ रेषा बघून जागा धरत होते. मी डावीकडे ढेकूळ असलेली जागा धरली.

झेंडा पडला. माझं इंजिन दुसऱ्या दाबाला सुरू झालं, तोवर पुढे धुळीची भिंत. पहिल्या वळणावर मी शेवटून तिसरी होते. चढावर अपेक्षेप्रमाणे मधल्या वाटेत चार-पाच गाड्या एकमेकींत अडकलेल्या. मी बुंध्यालगतच्या वाटेने वर गेले आणि क्षणभर स्वतःला फार हुशार समजले. वरती पोचल्यावर लगेचच पडले. आनंदाच्या भरात खाली बघितलं होतं.

मागून वेगवान वर्गातले स्वार येऊ लागले तेव्हा पोटात गोळा आला. ते आवाजासकट कानाशी येतात. नियम साधा आहे, आपली रेषा सोडायची नाही, ते वाट काढतात. बाजूला व्हायला गेलं की दोघंही पडतात. दुसऱ्या फेरीत ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी अर्ध्यात बंद पडली, चाक मातीत रुतलं आणि मला तिथे पाय टेकायला काहीच नव्हतं. एक कोवळा मुलगा स्वतःची गाडी झाडाला टेकवून धावत आला. "ताई, ढकलू का?" त्याच्या शर्यतीची निदान दोन मिनिटं माझ्यावर गेली. आभार मानायला वळले तोवर तो निघून गेला होता.

तिसरी फेरी सगळ्यात चांगली. दगडांच्या पट्ट्यात मी कधी "बोटं" म्हणायला लागले ते मलाही कळलं नाही. हेल्मेटच्या आत, मोठ्याने.

शेवटाकडे एक मोह झाला. साठ मिनिटं झाल्यावर जो रेषा ओलांडेल त्याला चौकड्यांचा झेंडा, त्याआधी ओलांडली तर आणखी एक अख्खी फेरी. मी रेषेजवळ आले तेव्हा घड्याळात ५७ होते. तीन मिनिटं बूट बांधण्यात सहज घालवता आली असती. शेवटचं वळण घेताना हे सगळं डोक्यात येऊन गेलं, आणि मी रेषा ओलांडलीही. शहाणपणाने नाही, त्या जागी डावीकडे पाय टेकायला काही नव्हतं म्हणून.

चौथी फेरी लांबली, दोनदा पडले. एकूण ७६ मिनिटं, २३ जणांत १७ वी. त्यातले चौघे पूर्ण करू शकले नव्हते, म्हणजे पोचणाऱ्यांत मी शेवटून तिसरी. सुरुवातीला जिथे होते तिथेच.

हेल्मेट काढून गाडीला टेकून बसले होते. क्लच लीव्हर फिरून वर आकाशाकडे बघत होता, पण अख्खा होता. मास्तर आले. "किती वेळा पडलीस?"

"सात."

"उचलली?"

"सहा. एकदा दुसऱ्याने."

काही बोलले नाहीत. पिशवीतून पाण्याची नवी, सीलबंद बाटली काढली आणि माझ्यासमोर धरली. हातमोजे ओले होते म्हणून काढले, झाकण फिरवलं, कट्कन सील तुटलं. मी प्यायला लागले तोवर ते शेजारच्या पोराच्या चेनकडे वळले होते. "ही एवढी आवळलीय कुणी?"